शनिवारी दहा, रविवारी एकवीस: दूध-तुपाविना दोन शर्यतींची शिदोरी

हा लेख दूध, दही, तूप, लोणी, मध यांतलं काहीच न खाणाऱ्या पळणाऱ्यांसाठी आहे. निदान एक हाफ मॅरेथॉन (२१.०९७ किमी) पूर्ण झालेली आहे आणि आता एकाच शनिवार-रविवारच्या दोन शर्यतींचे बिब (छातीवर लावायचे नंबर) घेतले आहेत, शनिवारची शर्यत नाशिकला, असं धरलंय. सगळे आकडे ६० किलो वजनाच्या माणसाचे आहेत. आपल्या वजनाप्रमाणे कमी-जास्त करा. मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार किंवा गरोदरपण असेल तर यातले साखर-मिठाचे आकडे डॉक्टरांना दाखवल्याशिवाय वापरू नका.

व्हीगन पळणाऱ्याला घरचे आणि ग्रुपवाले सगळ्यात आधी विचारतात, "प्रोटीनचं काय?" दोन दिवसांच्या शर्यतीत हा प्रश्न तिसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न असा की शनिवारच्या फिनिशपासून रविवारच्या स्टार्टपर्यंतच्या साधारण २२ तासांत पुरेसं कर्बोदक पोटात जातंय का. दुसरा चोथ्याचा. एरवी आपलं जेवण म्हणजे उसळी, भाकरी, कोशिंबीर. तब्येतीला उत्तम, पण चोथ्याने पोट लवकर भरतं, त्यामुळे लागेल तेवढा भात-पोहा आत जातच नाही आणि रविवारी चौदाव्या किलोमीटरला शौचालय शोधावं लागतं. या वीकएंडपुरतं 'पौष्टिक' या शब्दाला सुट्टी द्या. पांढरा भात, रवा, साखर, सोललेला बटाटा हे दोन दिवस आपले मित्र.

कोणती शर्यत खरी, ते आधी ठरवा

दोन्ही शर्यती जीव तोडून पळणार असाल तर जेवणाचं कुठलंच गणित तुम्हाला वाचवणार नाही. रविवारचा हाफ महत्त्वाचा असेल तर शनिवारचे १० किमी आपल्या नेहमीच्या दहाच्या वेगापेक्षा किलोमीटरमागे ३०-४० सेकंद सावकाश पळा. शनिवारची शर्यत महत्त्वाची असेल तर रविवारी फक्त मेडल घेऊन या. शनिवारी पांडवलेणीच्या किंवा रामशेजच्या बाजूला चढ-उताराचं काही असेल तर आणखी जपा. उतारावर मांड्या फुटतात आणि ते दुखणं दुसऱ्या दिवशी वर येतं. त्यावर खाण्याचा इलाज नाही.

चार आठवडे आधी: रंगीत तालीम

एका शनिवारी ८ किमी बऱ्यापैकी वेगात, रविवारी १५-१६ किमी आरामात. खाणं मात्र अगदी शर्यतीच्या दिवशीचं, त्याच वेळांना. गोल्फ क्लब मैदानाच्या जॉगिंग ट्रॅकवर किंवा कृषीनगरला फेऱ्या मारल्या तर पाणी आणि जेल (धावताना घ्यायचा साखरेचा घट्ट पाक) एका जागी ठेवून दर फेरीला घेता येतं. रस्त्याची सवय हवी असेल तर गंगापूर रोडने धरणाच्या दिशेला जा. आतड्यालाही सराव लागतो. धावताना ताशी ५० ग्रॅम साखर पचवणं हे पहिल्याच दिवशी जमत नाही, तीन-चार लाँग रनमध्ये जमतं.

याच सुमारास रक्त तपासून घ्या: बी१२, फेरिटिन (लोहाचा साठा), हिमोग्लोबिन, ड जीवनसत्त्व. निव्वळ वनस्पतीजन्य आहारात बी१२ची गोळी घ्यावीच लागते. आंबवलेल्या पिठातून किंवा न धुतलेल्या भाजीतून ते मिळतं या समजुतीवर विसंबू नका. गोळी घेताना कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं नाही ना ते पाहा. ड३ बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून काढतात. शेवाळ-दगडफुलाच्या जातीपासून केलेलं वेगळं मिळतं, ते मागून घ्यावं लागतं. लोहाची गोळी चालू असेल तर ती लिंबूपाण्याबरोबर घ्या आणि चहा-कॉफी निदान तासभर लांब ठेवा.

खरेदी: हिरव्या ठिपक्यावर विश्वास नको

हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, आणि आपल्या कायद्यात दूध, तूप, मध शाकाहारात येतं. व्हीगन पदार्थांसाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं वेगळं चिन्ह आहे, हिरव्या चौकोनात इंग्रजी व्ही आणि वर पान. पण ते नसलं म्हणजे पदार्थ चालत नाही असंही नाही. पाकीट उलटा आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरातली ॲलर्जीची ओळ वाचा. 'कंटेन्स मिल्क' लिहिलं असेल तर विषय संपला. 'मे कंटेन' म्हणजे त्याच कारखान्यात दूध वापरतात इतकंच. ते चालवून घ्यायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा.

नेहमी फसवणारे पदार्थ हे: ग्लुकोज बिस्किटं (दूधभुकटी), मसाला ओट्स आणि कपातलं सूप (मिल्क सॉलिड्स), रिकव्हरी पावडर (व्हे, म्हणजे दुधातलं प्रोटीन), काही एनर्जी बार (मध, व्हे). घरगुती म्हणून विकत घेतलेल्या ठेपल्यात दही असतं, दशमी तर दुधातच भिजवतात. राजगिऱ्याच्या वडीला कधी तुपाचा हात असतो. शेंगदाणा चिक्की बहुधा चालते, पण तीत तेल भरपूर, ती शर्यतीनंतरची.

बेदाणे, खजूर, फुटाणे रविवार कारंजा-भद्रकालीच्या बाजारात सुटे मिळतात. नाशिक द्राक्षांचं गाव असलं तरी बेदाणा बराचसा तासगाव-सांगलीकडून येतो. सुटा घेतला तर कोमट पाण्यात धुऊन, फडक्यावर पूर्ण सुकवून मग डब्यात भरा, नाहीतर काड्या आणि खर तोंडात येते. टोफू दुकानात 'सोया पनीर' म्हणून मागितला तर लवकर सापडतो.

शिदोरी: गरम पाणी मिळालं की जेवण

हॉटेलचा नाश्ता साडेसातला सुरू होतो आणि शर्यत सहाला. त्यामुळे पहाटेचं खाणं खोलीतच होणार. सोबत एक रुंद तोंडाचा थर्मास (अर्धा लिटर), घट्ट झाकणाचा एक स्टीलचा डबा, चमचा, छोटा वजनकाटा नसेल तर घरून मोजून भरलेल्या पिशव्या, आणि खोलीत किटली नसेल तर आपली किटली. हॉटेलच्या किटलीत लोक दूध उकळतात; पहिलं पाणी उकळून फेकून द्या. किटलीत थेट उपमा शिजवू नका, तळ करपतो आणि किटली आपोआप बंदही होत नाही.

उपम्याचं कोरडं मिश्रण हा या शिदोरीचा कणा. बारीक रवा ३४० ग्रॅम (साधारण दोन वाट्या), तेल ३ मोठे चमचे, मोहरी १ छोटा चमचा, उडीद डाळ १ मोठा चमचा, कढीपत्त्याची १५ पानं, हिंग पाव चमचा, मीठ दीड छोटा चमचा, साखर २ छोटे चमचे. तेलात मोहरी तडतडली की डाळ लाल करा, कढीपत्ता टाका आणि पानं हातात चुरडतील इतकी कुरकुरीत होऊ द्या. मग रवा घालून मंद आचेवर १०-१२ मिनिटं सतत हलवत भाजा. रंग फार बदलायला नको, पण खमंग वास सुटला पाहिजे. मीठ-साखर शेवटी. पूर्ण गार झाल्यावर ८० ग्रॅमच्या पुड्या बांधा, पाच होतात. कांदा, मटार, शेंगदाणे मुद्दाम घातलेले नाहीत.

खाताना ८० ग्रॅमच्या पुडीवर थर्मासमध्ये किंवा डब्यात उकळतं पाणी २४० मिली ओता, लगेच ढवळा, झाकण लावून १० मिनिटं थांबा. यातून साधारण ५० ग्रॅम कर्बोदक मिळतं. उपमा कचकचीत राहिला तर पाणी उकळतं नव्हतं किंवा डबा पातळ होता. डबा टॉवेलात गुंडाळा. गोळे झाले तर रवा कच्चा भाजलेला आहे. आठवड्याभरात मिश्रणाला कुबट वास आला तर कढीपत्त्यात ओल राहिली होती. नीट केलेलं मिश्रण हवाबंद डब्यात १५ दिवस सहज टिकतं.

किटलीही नसेल तर दडपे पोहे. पातळ पोहे ८० ग्रॅम, त्यावर पाणी किंवा नारळपाणी पाऊण वाटी शिंपडायचं, मीठ, साखर, अर्धं लिंबू, घरून आणलेली कोरडी फोडणी, आणि डबा दाबून १० मिनिटं ठेवायचा. नेहमीचा कच्चा कांदा आणि खोवलेलं ओलं खोबरं इथे नको. कांद्याने ढेकर येतात आणि ओलं खोबरं प्रवासात आंबतं. जाडे पोहे यासाठी चालत नाहीत, आतून कडक राहतात.

मेतकूट-भात हा तिसरा आधार. साधा भात महाराष्ट्रातल्या कुठल्याही खानावळीत पार्सल मिळतो. ३०० ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे ८४ ग्रॅम कर्बोदक. त्यावर दोन मोठे चमचे मेतकूट, मीठ, चमचाभर कच्चं तेल. तुपाशिवाय मेतकूट-भात ही कल्पना काहींना सहन होत नाही हे मान्य, पण तिळाचं तेल वापरून पाहा. जिरा राईस मागू नका, तो बहुधा तुपातला असतो.

जानेवारीच्या शर्यतींना संक्रांतीची गूळपोळी हाताशी असते आणि तिच्यासारखं प्रवासी खाणं दुसरं नाही. आठवडाभर टिकते, चुरा होत नाही, एकीत साधारण ३५-४० ग्रॅम कर्बोदक. सारणात तीळ कमी आणि गूळ जास्त ठेवा, भाजताना तुपाऐवजी तेल. शर्यतीच्या आदल्या दुपारची ही उत्तम सोय; पहाटे मात्र तीळ-बेसनामुळे जड पडते.

सातूच्या पिठात एक घोटाळा आहे. आपल्याकडचं सातूपीठ गहू आणि डाळ्याचं, उत्तर भारतातलं निव्वळ फुटाण्याचं. प्रोटीनसाठी हवं असेल तर फुटाण्याचं घ्या. ४० ग्रॅममध्ये ८ ग्रॅमच्या आसपास मिळतं. पण चोथाही येतो, म्हणून ते शर्यत संपल्यावर, आधी नाही.

शुक्रवार संध्याकाळ

इथून मोड आलेली मटकी, राजमा, छोले, कोबी, फ्लॉवर, कच्ची कोशिंबीर, ज्वारी-बाजरीची भाकरी बंद. भात, मुगाचं पातळ वरण, सोललेल्या बटाट्याची भाजी, पोळी खायचीच तर एक. कडधान्यांतल्या काही शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत; त्या पुढे मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या तोंडी जातात आणि वायू होतो. धावताना पोट हलतं तेव्हा हाच वायू कळ आणतो. सालं काढलेल्या पिवळ्या मुगाला हा त्रास सगळ्यात कमी, म्हणून दोन दिवस डाळ म्हणजे मूग.

शनिवारचे १० किमी तासाभरात संपतात. पहाटे दोन केळी किंवा जॅम-ब्रेडच्या दोन स्लाइस पुरे. पळताना काही लागत नाही. उगाच जेल घेऊन रविवारचं पोट आदल्या दिवशीच बिघडवू नका.

शनिवारचे २२ तास

लक्ष्य: दिवसभरात वजनाच्या किलोमागे ७-८ ग्रॅम कर्बोदक, म्हणजे ४२०-४८० ग्रॅम. प्रोटीन चार वेळा १८-२० ग्रॅम मिळालं की पुरे. हे भूक लागेल तसं खाऊन होत नाही, घड्याळ लावावं लागतं.

पावणेआठ, फिनिशनंतर अर्ध्या तासात: अर्धा लिटर लिंबू सरबत (साखर ३० ग्रॅम, मीठ दोन चिमटी), एक केळं, मूठभर बेदाणे. साधारण ६५ ग्रॅम. नाशिकच्या आयोजकांकडे नाश्त्याला पोहे किंवा उपमा असतो. उपम्यात तूप आहे का ते वाढणाऱ्याला विचारून उपयोग नाही, आचाऱ्याला विचारा. ताक आणि सुगंधी दूध बाजूला. शर्यत संपल्यावर तासभर भूक मेलेली असते, म्हणून सुरुवात पातळ पदार्थाने.

नऊ वाजता: कांदेपोहे (इथे कांदा चालेल) १०० ग्रॅम कोरड्या पोह्यांचे, एक बटाटा, २० ग्रॅम शेंगदाणे, २०० मिली सोया दूध. साधारण १०० ग्रॅम कर्बोदक, १९ ग्रॅम प्रोटीन. सोया दुधाचा चहा फुटतो ही नेहमीची तक्रार. चहा गाळून मिनिटभर गार होऊ द्या आणि दूध कोमट करून शेवटी घाला, आलं कमी. नाहीतर कोरा चहा बरा.

साडेबारा: १२० ग्रॅम तांदळाचा भात, ५० ग्रॅम मूगडाळीचं वरण, १५० ग्रॅम बटाटा, १०० ग्रॅम टोफू मीठ-मिरपूड लावून परतलेला. १५० ग्रॅम कर्बोदक, प्रोटीन पंचवीसच्या पुढे. टोफूऐवजी सोया वडी घेणार असाल तर कोरडी २५ ग्रॅमच्या वर नको, आणि गरम पाण्यात भिजवून दोनदा पिळून घ्या. वडीत पोट फुगवणाऱ्या शर्करा राहतात. टोफू करताना त्या पाण्यावाटे बऱ्याचशा निघून जातात. जेवणानंतर ४०-५० मिनिटं झोप, दोन तास नव्हे.

साडेचार: दीड गूळपोळी, किंवा ब्रेड-जॅमच्या तीन स्लाइस आणि सरबत. ६० ग्रॅम.

साडेसात: १०० ग्रॅम तांदूळ आणि ३० ग्रॅम मूगडाळ यांची मऊ खिचडी, फोडणी तेलाची, सोबत लोणचं नाही. साधारण ९५ ग्रॅम. नऊला आडवे व्हा.

बेरीज ४७० ग्रॅमच्या आसपास होते. दुपारी पोट गच्च वाटलं तर भात कमी करून तेवढंच सरबतातून घ्या. साखर ६० ग्रॅम, पाव छोटा चमचा मीठ आणि एक लिंबू एक लिटर पाण्यात, हे दिवसभरात घोट घोट. पाव चमचा मिठातून साधारण ५७० मिलिग्रॅम सोडियम मिळतं.

पाण्याचं मोजमाप सोपं आहे. शर्यतीआधी आणि नंतर, घाम पुसून, वजन करा. एक किलो घटलं तर पुढच्या चार-सहा तासांत सव्वा ते दीड लिटर, मिठासकट. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची पहाट दहा अंशांच्या खाली उतरते, तहान लागत नाही, आणि घाम गेलाच नाही असं वाटतं. वजनकाटा खोटं बोलत नाही. उलट बाजूही लक्षात ठेवा: नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, मळमळतं, आणि ते तहानेपेक्षा धोकादायक आहे. ओआरएस घ्यायचं तर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र छापलेली पुडी, एक लिटर पाण्यात अख्खी; अर्धी पुडी अंदाजाने नको.

रविवारची शर्यत मुंबईला किंवा पुण्याला असेल तर

मोठ्या शर्यतींचे बिब शर्यतीच्या दिवशी मिळत नाहीत. शनिवारी नाशिकमध्ये पळून संध्याकाळी बिब घ्यायला पोहोचणार असाल तर वेळ आधी तपासा, नाहीतर शनिवारची शर्यत सोडा. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो, पण आमण्याच्या पुढे भिवंडी-ठाण्याची गर्दी आहे तशीच. पुण्याचा रस्ता २१० किमीच्या आसपास आणि चाकणला तो कधी थांबेल सांगता येत नाही. म्हणून दुपारचं जेवण नाशिकमध्येच उरका आणि साडेचारचं खाणं गाडीत हाताशी ठेवा, डिकीत नको. दर दीड तासाला उतरून पाच मिनिटं चाला.

वाटेतल्या ढाब्यावर 'व्हीगन' म्हणून कोणाला कळत नाही. 'जैन' म्हटलं तर कांदा-लसूण-बटाटा जातो आणि लोणी राहतं, म्हणजे नेमकं उलटं. यादीच सांगा: "दूध, दही, तूप, लोणी, पनीर, मलई काही नको. साधा भात, साधं वरण, फोडणी तेलात." पोळीवर तूप फिरवू नका हे वेगळं सांगावं लागतं, कारण तूप लावणारा आणि ऑर्डर घेणारा एक नसतो. दक्षिणी हॉटेलात इडली-सांबार सगळ्यात सुरक्षित. चटणीत दही आहे का तेवढं विचारा. वडापावात वडा आणि लसणाची चटणी चालते, पावाची खात्री नाही, आणि आदल्या दिवशी तळणही नको.

रविवार पहाट आणि जेल

सहाला सुरुवात असेल तर चारला उपमा आणि एक केळं, साधारण ७५ ग्रॅम कर्बोदक. कोरा चहा साखर घालून. पाणी ३००-४०० मिली, पाच वाजेपर्यंत. चारला घास उतरत नसेल तर जॅम लावलेल्या तीन स्लाइस, कडा काढून.

हाफ दोन तासांच्या आसपास पळणाऱ्याला ताशी ३०-६० ग्रॅम साखर लागते. विकतचं जेल चालत असेल तर प्रश्नच नाही. घरी करायचं तर गुळाचं करा. १०० ग्रॅम चिरलेला गूळ ५० मिली पाण्यात विरघळवून बारीक कपड्यातून गाळा (गुळातली खर दाताखाली येते आणि बाटलीचं तोंड अडवते), मग दोन मिनिटं उकळा, एक छोटा चमचा लिंबाचा रस आणि दोन चिमटी मीठ. साखर पुन्हा दाणेदार होऊ नये म्हणून लिंबू. गार झाल्यावर १५० मिलीच्या मऊ बाटलीत भरा. पाक चिकट तारेवर जाऊ देऊ नका. नाशिकच्या गारठ्यात तो इतका घट्ट होतो की दाबूनही बाहेर येत नाही. आदल्या रात्रीच करा आणि फ्रीजमध्ये ठेवा.

पहिला घोट ६-७ किमीला, दुसरा ११-१२ ला, तिसरा १६ ला. प्रत्येक घोट ३०-३५ मिली म्हणजे साधारण २५ ग्रॅम. घोट पाण्याच्या टेबलाच्या शंभर मीटर आधी घ्या आणि वर १५०-२०० मिली साधं पाणी प्या. टेबलावर गोड इलेक्ट्रोलाइट पेय दिसलं तर जेलबरोबर ते नको. दोन्ही गोड एकत्र झाले की पोटातलं द्रावण फार घट्ट होतं, ते पातळ करायला शरीर उलट आतड्यात पाणी ओढतं, आणि मळमळ सुरू होते.

खजूर खिशात घेऊन पळणारे पुष्कळ. एक छोटा खजूर ६ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे ताशी ४० ग्रॅमसाठी बिया काढलेले सहा-सात खजूर चावायचे. आरामाच्या लाँग रनला ठीक, हाफमध्ये दम लागलेला असताना चावणं म्हणजे ठसक्याला बोलावणं.

काय बिघडतं

शनिवारी रात्री पाय जड आणि झोप लागत नाही: बहुधा दिवसभरात कर्बोदक कमी पडलं. रात्रीची खिचडी दुप्पट करून भरपाई होत नाही. एक केळं आणि सरबत घेऊन पडा.

रविवारी पाचव्या किलोमीटरलाच पाय खलास: एकतर शनिवारी जोरात पळालात, किंवा सकाळचे पावणेआठ आणि नऊचे दोन्ही टप्पे चुकले. शरीर साखर भरून घ्यायला सगळ्यात तयार असतं ते पहिल्या काही तासांत. दुपारी दोनला ताट भरून जेवणं ही त्याची बरोबरी करत नाही.

वरच्या पोटात पेटके: पाणी एकदम जास्त. खालच्या पोटात मुरडा: चोथा, सोया वडी किंवा आदल्या रात्रीचं तिखट. जिभेवर गोडाचा वीट आला तर १२ किमीनंतर एक घोट मिठाच्या लिंबूपाण्याचा आणि मग पुढचं जेल. टाळू नका, पुढचे पाच किलोमीटर महागात जातात.

शनिवारच्या दवात किंवा पाण्याच्या टेबलापाशी ओले झालेले बूट रविवारी घालू नका. दुसरी वापरातली जोडी ठेवा, नवी नव्हे.

फिनिशनंतर

आता चोथा, कडधान्य, तळलेलं सगळं परत. मिसळ खायची ती आज. नाशिकची मिसळ मुळात दुधाविना असते, पण ताटाबरोबर दह्याची वाटी येते, काही ठिकाणी जिलेबीही. जिलेबीच्या पिठात दही असू शकतं आणि तळण तुपाचं; ती सोडा. पाव मऊ राहावा म्हणून काही बेकऱ्या दूधभुकटी घालतात किंवा वरून लोणी फिरवतात, तेव्हा पावाऐवजी घरची पोळी किंवा नुसता पापड. तर्री मात्र पहिल्या ताटात कमी घ्या, पळून आलेल्या पोटाला ती जाळते. मिसळीच्या आधी २०० मिली सोया दुधात ४० ग्रॅम सातूपीठ आणि गूळ ढवळून प्यायलात की प्रोटीनचा हिशोबही उरकला. फेब्रुवारी-मार्चमध्ये दुपारी द्राक्षं, पाव किलोत ४० ग्रॅमच्या वर साखर, मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून धुतलेली.

सोमवारी सकाळी गुळाची मऊ बाटली बॅगेतच राहिलेली असते. रविवारी घरी आल्याआल्या ती गरम पाणी आणि चिमूटभर सोड्याने धुऊन, झाकण उघडं ठेवून उलटी वाळवा. उरलेला पाक दोन दिवसांत आंबतो, बाटली फुगते, आणि तो वास रबरी तोंडातून पुढच्या शर्यतीपर्यंत जात नाही.